कामठीची भरती, कोरेगावची रात्र

गाव वरठी, पण स्टेशनाच्या पाटीवर नाव ‘भंडारा रोड’. साल १९४२. मृग लागायचा आहे, बांध्या कोरड्या पडल्या आहेत आणि तुम्ही बंगाल नागपूर रेल्वेच्या पॅसेंजरची वाट बघत फलाटाच्या कडेला उभे आहात. वय वीसच्या आतबाहेर. पायात काही नाही. गावात तुमच्या घरी कोतवालकी, थोडं विणकाम आणि पाऊस पडला की दुसऱ्याच्या धानात रोवणी. फलाटावरचा पाणीवाला तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो आणि दोन हात उंचावरून ओंजळीत पाणी ओततो. निम्मं कोपरावरून ओघळून जातं.

‘‘भरतीले चाललास का गा?’’ शेजारचा म्हातारा विचारतो. तुम्ही मान हलवता. घरी सांगितलेलं नाही.

खात, तारसा, मग कन्हानचा पूल, आणि कामठी. १८२१ पासूनची छावणी. सरळ रस्ते, चुन्याने रंगवलेले दगड, आणि पलीकडच्या वस्त्यांत तंबाखूचा वास, कारण अर्धं गाव बिड्या वळतं. इथं तुम्हाला पहिल्यांदा कुणीतरी ‘जय भीम’ म्हणून हाक देतं. हे अभिवादन रुजवणारे बाबू हरदास एल. एन. याच गावचे. बिडी कामगारांची संघटना बांधता बांधता १९३९ मध्ये पस्तिशीतच गेले. त्यांनी रुजवलेले दोन शब्द मात्र आता पोरापोरांच्या तोंडी आहेत.

भरतीच्या रांगेत कपडे उतरवून उभं राहायचं. फीत छातीभोवती येते, श्वास भरायला सांगतात, सोडायला सांगतात. डॉक्टर पापण्या उलट्या करून बघतो, बोटांच्या बेचक्यांत खरूज शोधतो. मग टेबलापाशी प्रश्न. नाव? बापाचं नाव? गाव, तहसील, जिल्हा? जात? या शेवटच्या प्रश्नाला आजवर तुम्ही नजर खाली घालून उत्तर दिलंत. इथं लिहिणारा ते लिहितो, शाई टिपतो आणि विचारतो, ‘‘वजन?’’

पलटण नवी आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि ही दुसरी, कामठीची. युद्धाला माणसं हवीत म्हणून सरकारला जाग आली, हे खरं. पण त्याच्या आधी व्हॉइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसून बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरलं नसतं, तर ती जाग याच दिशेला आली असती असं मला वाटत नाही. संध्याकाळी नळावर जाता. रांग आहे, पण कुणी ‘लांब हो’ म्हणत नाही. तुम्ही तोटीखाली तोंड धरून पोटभर पिता, आणि मागचा ओरडतो ते फक्त ‘‘लवकर आटप’’ म्हणून.

महिन्याभरात छावणीत बातम्यांना ऊत येतो. बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होणार. १८ जुलैपासून नागपूरच्या मोहन पार्कात मोठी परिषद आहे, तिथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन होणार. हाकेच्या अंतरावर सगळं घडतंय आणि तुम्ही परेड ग्राउंडवर डावा-उजवा करताय. रंगरुटाला रजा कुठली!

पुढे टोपीला लावायचा बिल्ला येतो. हा या दुसऱ्या बटालियनच्याच कॅप्टन मॉर्टलमन्स नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलेला. त्यावर एक उभा खांब, आणि ‘महार’ ही अक्षरं. पितळेचं काम तुम्हाला नवीन नाही, भंडाऱ्याची भांडी सगळीकडे जातात. पण स्वतःच्या जातीचं नाव धातूवर उठवून, घासूनपुसून चकाकत ठेवायचं आणि डोक्यावर लावायचं, हे नवीन आहे. रोज सकाळी ब्रासोने घासताना कोरेगावचा तो खांब अंगठ्याखाली लागतो. त्याच्यापाशी जायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागेल.

३१ डिसेंबर १८१७, शिरूर. रात्री साडेआठला कूचचा हुकूम. आता तुमच्या नावाच्या शेवटी महारांचं ‘नाक’ आहे, हातात लांब बंदूक आहे आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये आहात. पाचशेच्या आसपास पायदळ, अडीचशेवर स्वार, मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज, दोन तोफा. कॅप्टन स्टाँटन सांगेल तिकडे चालायचं. रात्रभर चालता. थंडीत घाम येतो, मग तो अंगावरच गार होतो.

सकाळी भीमेचा काठ लागतो, आणि पलीकडे जिथवर नजर जाते तिथवर घोडी. पेशव्यांची फौज हजारोंच्या संख्येत. स्टाँटन कोरेगावात शिरतो. मातीच्या भिंती, अरुंद बोळ. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या आत घुसतात. बंदूक भरायची, झाडायची, पुन्हा भरायची. दारूच्या धुराने घसा खरवडून निघतो. एक तोफ हातची जाते, तिच्यावरचा अधिकारी मारला जातो, मग ती तोफ झटापटीने परत मिळते. पण दुपारनंतर तुम्हाला तोफेचं, पेशव्याचं, कंपनीचं, कशाचंच काही वाटेनासं होतं. पाणी हवंय. नदी तिथंच आहे, बोळाच्या टोकाशी उन्हात चमकताना दिसते, आणि तिच्यापर्यंत जाता येत नाही. रात्रभराच्या चालीनंतर अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. काही जण शरण जाऊ म्हणतात. तुम्ही म्हणता की नाही, कुणाला माहीत! अंधार पडल्यावर मारा सैल होतो, तेव्हा कुठे पाणी मिळतं. नऊच्या सुमाराला गोळीबार थांबतो.

‘जातीच्या जुलमाविरुद्धची लढाई’ हा या लढाईचा नंतर लावलेला अर्थ त्या बोळातल्या शिपायाच्या डोक्यात होता का? मला नाही वाटत. तो पगारी शिपाई होता, त्याच्या पलटणीत मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. कंपनीने पुढे तिथं दगडी स्तंभ उभारला तोही स्वतःच्या फुशारकीसाठी. पण त्या फुशारकीत एक गोष्ट सरकारच्या हातून होऊन गेली. पडलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली, आणि त्यातली बावीस नावं ‘नाक’ने संपतात. गावच्या कुठल्याही दप्तरात ज्यांना ओळीत जागा मिळाली नसती, त्यांना दगडात मिळाली.

तुम्ही स्तंभाजवळच थांबा, वर्षं पुढे जाऊ द्या. १८९०च्या दशकात ‘लढवय्या जमाती’चं खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र लिहिलं, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पुरावा म्हणून दाखवायला हाच दगड होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

१ जानेवारी १९२७. गर्दीत तुम्ही पेन्शनर आहात, जुना कोट, त्यावर पदक. समोर सुभेदार रामजी सकपाळांचा बॅरिस्टर झालेला मुलगा, म्हणजे बाबासाहेब, उभा आहे. यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, तो महाडच्या चवदार तळ्यात उतरून ओंजळभर पाणी पिणार आहे, आणि तिथंही कोकणातले पेन्शनर शिपाई असणार आहेत.

१९५४ चा उन्हाळा, भंडारा. देश स्वतंत्र झाला, फाळणीत तुम्ही पंजाबात निर्वासितांचे तांडे सांभाळले, पलटण मशीनगनची झाली आणि रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला गेलं. बिल्ल्यावरचा खांबही पुढे गेला, त्या जागी कट्यार आली. आता तुम्ही घरी आहात आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब तुमच्या जिल्ह्यातून उभे आहेत. समता सैनिक दलाची पोरं सभेचा बंदोबस्त बघतात, त्यांना ओळीत उभं राहायला तुम्ही शिकवता. ‘‘छाती बाहेर, बे!’’ निकाल लागतो. दोन जागांच्या या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून येतात, राखीव जागेवर बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पडतात. त्या रात्री वस्तीत चूल पेटली असेल असं वाटत नाही.

आता आजचं. कामठीच्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. ही रेजिमेंट १९४९ मध्ये सरसेनापती करिअप्पांनी जुन्या पलटणी एकत्र करून उभी केली. करिअप्पा १४ जानेवारीला निवृत्त झाले म्हणून तो माजी सैनिक दिन, ७ डिसेंबरला ध्वजदिन. सरकारी कार्यक्रमांना हार असतात, शाल-श्रीफळ असतं, भाषणं जरा लांबतात. वाईट काही नाही त्यात.

पण १ जानेवारीला कोरेगावला या. स्तंभ फुलांनी मढलेला, पुस्तकांच्या दुकानांची रांग, आणि महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेली माणसं टोपी चढवून, पदकं लावून मानवंदना द्यायला आलेली. संग्रहालयात पदक काचेमागे असतं आणि त्याखाली चिठ्ठी. इथं ते माणसाच्या छातीवर असतं आणि चिठ्ठीवर जे लिहायचं ते तो स्वतःच सांगतो, ‘‘एकाहत्तरला कुठं होतो सांगू का?’’ म्हणून. ऐकणारा पोरगा चहा प्यायचा विसरतो. मला विचाराल तर लष्करी संग्रहालय असं असावं, दिवसभर भरणारं आणि संध्याकाळी आपापल्या घरी जाणारं.

अडचण एकच, ही माणसं थकत चालली आहेत आणि पदकं ट्रंकेत जाताहेत. साकोली, पवनी, लाखांदूर, मोहाडी, कुठंही तुमच्या नात्यात जुना फौजी असेल, तर ट्रंक उघडायला लावा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद यांचे फोटो काढा. पदक हातात घ्या, पुढून बघू नका, कडेवर बघा. तिथं बारीक अक्षरात शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. कीट बसलं असेल तर आधी नुसत्या मऊ फडक्याने पुसा. ब्रासोने जोरात घासू नका, अक्षरं झिजतात. आणि ते नाव वाचून झालं की आजोबांना पलटण, साल, ठिकाण विचारा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्या.