कागद उमरखेडचा, कचेरी कुणाची?

उमरखेडचा एखादा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद शोधायचा, तर आधी विचारावे लागते : साल कोणते? कारण सालागणिक कचेरी बदलते.

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड इंग्रजी अंमलात आणि पलीकडे नांदेडचा मुलूख निजामाकडेच राहिला. पुसद तालुक्यातले उमरखेड पुढे वाशीम जिल्ह्यात होते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि वरिष्ठ कारभार नागपूरला आला. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून पुसद यवतमाळकडे दिले. १९५६ला राजधानी मुंबई झाली. शेत आपल्या जागीच होते, त्याच्या दप्तराचा पत्ता मात्र बदलत राहिला.

या घालमेलीत माणसाची ओळख टिकवली ती गावपातळीच्या नोंदींनी. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू लिहिले जात. त्या नोंदीत जातही असे, म्हणून विदर्भात जातीच्या दाखल्यासाठी आजही कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. नदीपलीकडे मराठवाड्यात २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू दप्तरे तपासायला घेतली, तेव्हा नीट बांधून ठेवलेल्या कागदाचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले.

कागद बांधण्याचीही एक विद्या होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले.

पुढे सरकारी दप्तरात वर्गवारी रुजली : ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘ड’ वर्षभराने काढून टाकायचा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाला आणि अभिलेखांना जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे, प्रलंबित वेगळे, उत्तराची वाट पाहणारे वेगळे. काय टाकायचे हे आधीच ठरवणे, हा या पद्धतीचा सर्वांत शहाणा भाग.

मग कागदच पडद्यावर गेला. २००५ मध्ये ‘रायटली’ नावाचे लेखनसाधन इंटरनेटवर आले. २००६ला गुगलने ते विकत घेतले आणि त्यातूनच ‘गुगल डॉक्स’ उभे राहिले. एकच कागद अनेकांनी एकाच वेळी लिहावा आणि त्याच्या जुन्या आवृत्त्याही जागेवर राहाव्यात, ही सोय कोणत्याही रुमालात नव्हती. आज ग्रामपंचायतीचा ठराव असो की बचतगटाचा अहवाल, तो मोबाइलवर लिहिता येतो.

पण वर्गवारी करणारा कारकून इथे नाही. ‘शीर्षकहीन दस्तऐवज’ नावाच्या दहा फायलींत हवी ती कोणती, हे शोधयंत्रालाही सांगता येत नाही. शिवाय फाइल एका खात्याच्या मालकीची असते. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. सचिव बदलला, जुने खाते पडून राहिले, की संस्थेचे दप्तरही धोक्यात येते.

म्हणून उमरखेडच्या संस्थांनी, शाळांनी, मंडळांनी एवढे आजच करावे : फाइलीच्या नावात गाव, विषय आणि साल लिहावे, दुसऱ्या जबाबदार माणसालाही प्रवेश द्यावा आणि महत्त्वाच्या कागदाची एक प्रत उतरवून, छापून कपाटात ठेवावी.