नॉर्थ हाइड, 23:21

जुलै 2018. पश्चिम लंडनमधील हेज भागातले नॉर्थ हाइड उपकेंद्र. हीथ्रो विमानतळाला वीज देणाऱ्या तीन केंद्रांपैकी हे एक. 275 केव्हीच्या तीन रोहित्रांपैकी तिसऱ्याच्या बुशिंगमधून, म्हणजे टाकीतून वाहक बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरमधून, तेलाचा नमुना काढला जातो. तेलात ओलावा जास्त निघतो. उपकेंद्राची मालक कंपनी नॅशनल ग्रिडच्याच निकषांप्रमाणे या आकड्याचा अर्थ स्पष्ट आहे: बिघाड तोंडावर आला आहे, बुशिंग बदला.

बुशिंग बदलले जात नाही.

2022. या रोहित्राची नेहमीची देखभाल पुढे ढकलण्याचा निर्णय होतो.

20 मार्च 2025, रात्र. रोहित्र लोडवर आहे. इतक्या मोठ्या रोहित्रावर डिफरेन्शियल रिले असतो. दोन्ही बाजूंच्या करंट ट्रान्सफॉर्मरांकडून (सीटी) तो करंट घेतो, रेशो धरून आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट ताडून पाहतो. जमाखर्च जुळला की गप्प बसतो. रोहित्र चार्ज करताना इनरश करंट एकाच बाजूने येतो, तेव्हा फसू नये म्हणून करंटमधला सेकंड हार्मोनिकही (दुप्पट वारंवारतेचा घटक) पाहतो. ओलावा या हिशेबात कुठेच येत नाही. कागदाचे इन्सुलेशन वर्षानुवर्षे खराब होत असले, तरी दोन्हीकडचा करंट जुळतच राहतो. तो दोष तेलाच्या चाचणीत दिसतो, आणि इथे तो दिसलाही होता.

23:21. भारतात 21 मार्चची पहाट, 4:51. बुशिंग फुटते, शॉर्ट सर्किट होते. रोहित्र ट्रिप होते.

असा दोष ओळखायला रिलेला एक-दोन सायकल पुरतात. 50 हर्ट्झवर एक सायकल म्हणजे 20 मिलिसेकंद. ब्रेकर उघडायला आणखी दोन-तीन सायकल. संरक्षणाचे काम इथे संपते. वीज तुटली आहे, पण ठिणगी पडून गेली आहे आणि रोहित्रात सुमारे 25,000 लिटर तेल आहे. तेलाला ट्रिप करणारा रिले नसतो.

23:23. अग्निशमन दलाला फोन. 10 बंब, सुमारे 70 जवान. आजूबाजूच्या सुमारे 150 लोकांना घराबाहेर काढले जाते. उच्चदाबाच्या यार्डात वीज पूर्ण बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा पाइप घेऊन आत शिरता येत नाही.

23:49. आगीची झळ शेजारच्या रोहित्राला लागते. तेही जाते. उपकेंद्राचा सगळा पुरवठा बंद. ग्राहक: 66,919. त्यांपैकी एक हीथ्रो.

मध्यरात्रीनंतर. हीथ्रोला वीज देणारी उरलेली दोन केंद्रे चालू आहेत. म्हणजे वीज आहे. पण विमानतळाचे अंतर्गत जाळे त्यांच्यावर वळवून एकेक यंत्रणा सुरू करायला कित्येक तास लागणार आहेत. 21 तारखेच्या रात्री 23:59 पर्यंत विमानतळ बंद ठेवायचे ठरते.

त्या वेळी हीथ्रोकडे निघालेली सुमारे 120 विमाने आकाशात आहेत. मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एआय-129 माघारी मुंबईला वळवले जाते. दिल्लीहून निघालेले एआय-161 फ्रँकफर्टला उतरते. दिवसभरातल्या 1,300 हून अधिक उड्डाणांना फटका बसतो.

06:28. आग आटोक्यात. भारतात दुपारचे 11:58.

18:00 च्या सुमारास. ठरलेल्या वेळेआधीच पहिली विमाने हीथ्रोवर उतरू लागतात.

2 जुलै 2025. वीज यंत्रणेचे संचालन करणाऱ्या नेसोचा अंतिम अहवाल येतो. कारण: बहुधा बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा. सात वर्षांपूर्वीचा तो नमुना अहवालात नोंदलेला आहे. ऊर्जा नियामक ऑफजेम त्याच दिवशी नॅशनल ग्रिडची चौकशी जाहीर करतो.