विजेच्या गाड्या आणि पुणे: प्रदर्शनापासून रस्त्यापर्यंत

इंडिका व्हिस्टाचे विजेवर चालणारे रूप टाटा मोटर्सने मार्च २००९ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडले. मूळ इंडिका १९९८ ची, पिंपरीच्या कारखान्यात घडलेली. विजेच्या व्हिस्टाचे बरेचसे काम मात्र कंपनीच्या ब्रिटनमधील तंत्रकेंद्रात झाले आणि ती आधी नॉर्वेत उतरवण्याचा बेत होता. एका चार्जिंगमध्ये ती २०० किलोमीटर जाईल, असा कंपनीचा अंदाज होता. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात विजेची नॅनो आली.

या दोन्ही गाड्या लिथियम बॅटरीच्या, आणि अडले तिथेच. बंगळूरची रेवा २००१ पासून विकली जात होती ती लेड-ॲसिड बॅटरीवर. ही बॅटरी स्वस्त पण जड, आणि ऐंशीएक किलोमीटरनंतर गाडी पुन्हा चार्जिंगला लावावी लागे. लिथियम बॅटरी हलकी, पण त्या काळी इतकी महाग की नॅनोसारख्या गाडीची सारी स्वस्ताई तिनेच गिळली असती.

पुण्यातच केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज या कंपन्यांनी जून २०१० मध्ये वेगळी वाट दाखवली. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणल्यापासून हायब्रिड म्हणजे नवी कोरी गाडी, अशीच समजूत होती. केपीआयटीचा ‘रेव्होलो’ हा संच वापरातल्या गाडीतच बसवायचा होता. वेग घेताना विजेची मोटर इंजिनाला साथ देई, ब्रेक लावताना एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येई, आणि बॅटरी प्लगवरही भरता येई. क्षणोक्षणी थांबणाऱ्या शहरी रहदारीत याचा लाभ सर्वाधिक. त्या काळच्या प्रयोगांत हा सर्वांत व्यवहारी म्हणावा लागेल, कारण रस्त्यावर आधीच असलेल्या असंख्य गाड्यांचा विचार त्यात होता. पण जुन्या गाडीत हायब्रिड संच बसवण्याचे नियम अधिसूचित व्हायला २०१६ साल उजाडले, आणि रेव्होलो घराघरांत पोचलाच नाही. केपीआयटीने दरम्यान डिझेल बस विजेवर चालती केली. २१ डिसेंबर २०१५ रोजी ती संसद सदस्यांच्या सेवेसाठी सुपूर्द झाली.

पुणेकरांना विजेचे वाहन रोजच्या प्रवासात मिळाले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये, शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या ताफ्यात २५ ई-बस आल्या तेव्हा. तोवर बॅटरीच्या किमती बऱ्याच उतरल्या होत्या. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जानेवारी २०२० मध्ये बजाजची विजेवरची चेतक पुणे आणि बंगळूरमध्ये विक्रीला आली. त्याच महिन्यात पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही बाजारात उतरली. तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर हा तिचा पल्ला केवळ कंपनीचा अंदाज नव्हता. पुण्यातल्याच एआरएआय या १९६६ पासूनच्या वाहन-चाचणी संस्थेने तो प्रमाणित केला होता.