मातींतील जंतु आणि हंसविणारा वायु

शेतांत घातलेलें सर्वच खत पिकाच्या मुखीं पडत नाहीं, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा शेतीशीं संबंध आहे त्यांस सांगावयास नको. कांहीं पाण्याबरोबर वाहून जातें, कांहीं खोल मुरतें आणि कांहीं हवेंत उडून जातें. या तिसऱ्या वाटेचा शोध कसा लागला, याचा इतिहास आम्हांस मोठा मनोरंजक वाटतो. आणि आज तो केवळ मनोरंजक राहिलेला नाहीं.

नायट्रस ऑक्साइड हा वायु जोसेफ प्रीस्टली यानें १७७२ सालीं प्रथम तयार केला. १७९९ सालीं हंफ्रे डेव्ही यानें ब्रिस्टल येथें तो स्वतः हुंगून पाहिला, आणि तेव्हांपासून ‘हंसविणारा वायु’ ही त्याची ख्याति झाली. हाच वायु आपल्या पायाखालीं अहोरात्र उत्पन्न होत आहे, हें या दोघांच्या स्वप्नींहि नव्हतें.

कुजणाऱ्या पदार्थांतील अमोनियाचा मातींत सोरा बनतो, हें मात्र जुनें ज्ञान होतें. बिहार प्रांतांत अशी माती धुवून सोरा काढीत, आणि तो बंदुकीच्या दारूसाठीं विलायतेस जाई. ही केवळ रासायनिक क्रिया असावी असा समज होता. १८७७ सालीं श्लोझिंग व म्यूंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एका नळींत वाळू व चुनखडी भरून तींतून सांडपाणी हळूहळू झिरपविलें. २० दिवस कांहींच घडलें नाहीं. मग अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट दिसूं लागलें. निव्वळ रसायन असें २० दिवस कशाची वाट पाहील? त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलें. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरहि तें सुरू होईना. थोड्या ताज्या मातीचें पाणी घातलें तेव्हां पुन्हां चालू झालें. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानाच्या इतिहासांत क्वचितच आढळेल. हे जंतु वेगळे काढण्याचें श्रेय १८९० सालीं विनोग्राडस्की यास मिळालें.

उलट दिशेचें काम करणारे जंतुहि याच सुमारास सांपडले. १८८२ सालीं गेयाँ व ड्युपेती यांनीं त्या क्रियेस नांव दिलें. पावसानें जमीन चिंबली कीं मातींतील प्राणवायु कमी होतो. तेव्हां हे जंतु नायट्रेटांतील प्राणवायूवर श्वास चालवितात, आणि पायरीपायरीनें त्याचा अखेर निरुपद्रवी नायट्रोजन करून सोडतात. परंतु शेवटून दुसरी पायरी नायट्रस ऑक्साइडची. ती ओलांडावयास लागणारें तांबेयुक्त पाचक द्रव्य फार नाजूक असतें. किंचित् प्राणवायु शिरला किंवा जमीन आंबट असली कीं तेंच आधीं लंगडें पडतें, आणि वायु अर्ध्या वाटेवरून निसटतो. सोरा करणारे जंतुहि प्राणवायूच्या टंचाईंत तो थोडाफार सोडतातच. जंतु हा वायु उत्पन्नहि करतात व खातातहि, हें बेयेरिंक व मिंकमन यांनीं १९१० सालीं दाखविलें.

पण तोंपर्यंत प्रश्न शेतकऱ्याच्या नुकसानीचा होता, आकाशाचा नव्हता. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत आर्थर ॲडेल सूर्यप्रकाशाचा वर्णपट तपाशीत असतां, १९३९ च्या सुमारास त्यांस वातावरणांत या वायूची खूण आढळली. १९४६ सालीं त्यांनींच त्याचें मूळ मातींत असावें असें सुचविलें. आकाशाकडे पाहणाऱ्यानें मातीकडे बोट दाखवावें, हा योग आम्हांस विलक्षण वाटतो. पुढें १९७० सालीं पॉल क्रुट्झेन यांनीं हा वायु वरच्या थरांत पोंचून ओझोनच्या नाशास कारण होतो हें दाखविलें.

हवेंतून नायट्रोजन ओढून खत करण्याचा मोठा कारखाना जर्मनींत ओप्पाऊ येथें १९१३ सालीं सुरू झाला. या खतानें कोट्यवधि लोकांच्या ताटांत अन्न पडलें; त्यास सरसकट शिव्या देणाऱ्यांनीं आधीं त्या ताटांचा विचार करावा. तथापि कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या अब्ज भागांत या वायूचे सुमारें २७० भाग होते, ते २०२२ सालीं ३३६ झाले, आणि या वाढींत शेतीचा वांटा सर्वांत मोठा आहे. वजनास वजन धरलें तर १०० वर्षांच्या हिशेबांत तो कर्बद्विप्राणिद वायूच्या सुमारें २७३ पट उष्णता कोंडतो. खतांतील नायट्रोजनच्या शंभरांपैकीं एखादाच भाग या रूपानें उडतो. शेतकऱ्याच्या हिशेबांत तो दिसतहि नाहीं.

आपल्याकडे २०१५ सालीं देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणें सक्तीचें झालें. निंबाच्या कडू द्रव्यांनीं सोरा करणाऱ्या त्या पहिल्या जंतूंचा वेग मंदावतो, आणि खत पिकाच्या मुळांशीं अधिक काळ टिकतें. धान्याच्या कणगींत निंबाचा पाला घालणाऱ्या आमच्या आज्यांना अर्थात् विनोग्राडस्कीचें नांव ठाऊक नव्हतें.