अंगात मुरलेली बखर

इतिहासाचा शोध म्हणजे जुनी दप्तरे चाळणे, असेच मी आजवर समजत आलो. पण ज्यांची घरेही गेली आणि दप्तरेही गेली, त्यांनी काय करावे? १९४८ साली पॅलेस्टाइनमधील सात लाखांहून अधिक माणसे निर्वासित झाली. चारशेंहून अधिक गावे ओस पडली. बरोबर उरला तो देह, आणि देहाला ठाऊक असलेला दबके.

दबके म्हणजे हातांत हात गुंफून, पाय आपटीत करायचा नाच. घराचे मातीचे छप्पर चोपायला शेजारीपाजारी जमत, त्यातून तो निघाला, असे तिकडे सांगतात. १९७९ साली ‘एल-फुनून’ हे नृत्यपथक उभे राहिले. त्यात स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने पाय आपटू लागल्या.

फराह सालेह ही नर्तिका आणखी पुढे गेली. १९८८ च्या जानेवारीत इस्रायली लष्कराने बीरझेत विद्यापीठाला टाळे ठोकले, ते एक्कावन्न महिन्यांनी निघाले. तोवर विद्यार्थी चोरून शिकत राहिले. शिकणे हाच गुन्हा ठरलेल्या त्या दिवसांतल्या हालचाली फराहने २०१६ साली आपल्या नृत्यकृतीत पुन्हा जिवंत केल्या.

२०२३ साली युनेस्कोने दबकेला मानवाच्या वारशात स्थान दिले. पण वारसा यादीत टिकत नाही. कागद पेटीत पडून राहतो. नाच मात्र कुणी नाचले तरच राहतो. म्हणून हल्ली दप्तर उघडण्याआधी मी माणसांच्या हातापायांकडे पाहतो.