तापीचा दगड आणि तेजाबाचा थेंब

सोन्याच्या कारखान्याचा कारभार कसा चालवावा हे सांगताना कौटिलीय अर्थशास्त्राने कसोटीच्या दगडाचीही प्रतवारी केली आहे. कलिंग देशचा किंवा तापीचा, मुगाच्या रंगाचा दगड सर्वांत उत्तम, असा त्यातला निर्वाळा आहे. ही तापी मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर मागे टाकून जळगाव जिल्ह्यात शिरते, चांगदेवला पूर्णेला पोटात घेते आणि भुसावळ, शिरपूरकडून पुढे नंदुरबारमार्गे गुजरातेत उतरते. ज्या जळगावला आज सगळा महाराष्ट्र सुवर्णनगरी म्हणतो, त्याच्या मुलखातल्या नदीचे नाव सोन्याच्या पारखीशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच जोडले गेले होते. खानदेशाने ही गोष्ट अभिमानाने सांगायला हवी.

त्या ग्रंथातला पुढचा तपशील तर थक्क करणारा आहे. सगळेच दगड सारखे प्रामाणिक नसतात, हे ग्रंथकाराला पक्के माहीत होते. ज्या दगडावर सोन्याचा रंग खुलून दिसतो, तो विकणाऱ्याच्या फायद्याचा. खरखरीत, रंग न दाखवणारा दगड घेणाऱ्याच्या सोयीचा. दोघांनाही न्याय देणारा दगड म्हणजे जो रंग आहे तसा दाखवील तो. परीक्षा करणाराही लबाडी करू शकतो, म्हणून नखात गेरूची पूड लपवून ती कसावर भुरभुरणाऱ्याचा डावही तिथे उघड केला आहे.

कस लावण्याची रीत नंतरही फारशी बदलली नाही. दागिन्याची सहज न दिसणारी कड काळ्या दगडावर घासायची. पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही उजेडात धरून ताडून पाहायच्या. तांबे जास्त असेल तर रेघ लालसर दिसते, चांदी जास्त असेल तर फिकी. मग दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब. सराफाचे तेजाब म्हणजे शाळेतले नायट्रिक आम्ल. पितळेची रेघ त्यात बघता बघता विरघळून जाते, हलक्या सोन्याची मंदावते, चोख सोन्याची मात्र जागची हलत नाही. वरच्या कसाच्या सोन्यांतला फरक काढायचा तर नायट्रिक आम्लात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळावे लागते. हीच दोन आम्ले एकास तीन या प्रमाणात एकत्र आली की आम्लराज तयार होते आणि त्यात सोनेही विरघळते.

चांदीची परीक्षा तर थेट प्रयोगशाळेतलीच. नायट्रिक आम्लात चांदी विरघळली की सिल्व्हर नायट्रेट बनते. त्यात मिठाचे पाणी घातले की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. दहावीच्या पुस्तकात हीच अभिक्रिया दुहेरी विस्थापनाचे उदाहरण म्हणून येते आणि परीक्षानळीतला क्लोराइड ओळखायलाही हाच साका कामी येतो. जळगाव-धुळ्याची मुले हे समीकरण संतुलित करून मोकळी होतात. गावच्या सराफ बाजाराशी त्याचे नाते आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

खानदेशात सोन्याच्या या परीक्षेला एवढे मोल आले ते कापसामुळे. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढला आणि त्याच दशकात या भागात रेल्वे आली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. राजमल लखीचंद ही पेढी त्याच्याही आधीची, 1854 ची. कापसाचा पैसा हाती आला की शेतकऱ्याच्या घरात पाटल्या, पोत यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीसाठी काही घडवले जायचे. पाऊस दगा देई त्या वर्षी तेच सोने गहाण पडे किंवा मोडीत निघे. एकाच दागिन्याबाबत शेतकरी एकदा घेणारा असे, एकदा देणारा. दगड कुणाच्या बाजूचा, हा जुना प्रश्न त्याच्यासाठी जगण्याचा होता. म्हणूनच तेजाबाचा थेंब मोलाचा. सराफाची नजर शेतकऱ्याला उसनी घेता येत नव्हती, पण रेघ राहिली की गेली, हे गादीच्या अलीकडे बसलेल्यालाही दिसत होते.

चोख सोन्याच्या या व्यवहारावरच जानेवारी 1963 मध्ये सरकारचे सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरेटपेक्षा चोख दागिने घडवण्यावर बंदी आली. 14 कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम 58 भाग सोने. देशभर कारागिरांच्या शेगड्या विझल्या. बंधने पुढे सैल झाली, तरी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला 1990 उजाडले.

कसोटीच्या दगडालाही मर्यादा होतीच. तो वरवरचे सांगतो. जाड मुलामा दिलेला दागिना त्याला फसवू शकतो, म्हणून जाणता सराफ आधी कानशीने खाच पाडून आतला धातू घासून बघे. आता क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याला ओरखडाही न पाडता टक्केवारी सांगते. 16 जून 2021 पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो, म्हणजे हजारात 916 भाग सोने. ही सोय मोठी आहे आणि ग्राहकाच्या हिताची आहे. पण पडद्यावरचा आकडा मान्य करावा लागतो; रेघ विरघळताना डोळ्यांनी पाहता येत होती.

जळगाव-धुळ्याच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी एक करावे. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेटचा धडा येईल त्या आठवड्यात वर्ग सराफ बाजारात न्यावा आणि एखाद्या जुन्या सराफाला कस लावून दाखवायची विनंती करावी. तेजाब सराफाच्याच हातात राहू द्यावे, मुलांनी फक्त बघावे. दगडावर रेघ वाचू शकणारी माणसे अजून पेढ्यांवर बसलेली आहेत, तोवरच हे होऊ शकते.