सेलला थेट लावलेला अॅमीटर

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. दर वर्षी नव्या तुकडीतला एखादा मुलगा हमखास म्हणायचा, "सर, या बॅटरीत करंट किती आहे बघतो," आणि मीटरचे दोन्ही प्रोब थेट बॅटरीच्या टोकांवर टेकवायला निघायचा. मी त्याचा हात धरायचो, पण ओरडायचो नाही. त्याला कोणी शिकवलेली नसली तरी ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि एके काळी तीच रीतसर पद्धत होती.

गोष्ट कोरड्या सेलच्या जन्मापासून सुरू होते. जर्मनीत कार्ल गास्नरने 1886 मध्ये तो बनवला. पुढे 1896 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल कार्बन कंपनीने सहा इंच उंचीचा 'कोलंबिया' सेल बाजारात आणला. टेलिफोन, दारावरची घंटा, मोटारीचं इग्निशन, सगळीकडे असे सेल लागले. आता दुकानातला सेल ताजा की फळीवर पडून वाळलेला, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? व्होल्टमीटर इथे फसवतो. वाळलेला सेलही काही जोडलेलं नसताना जवळजवळ दीड व्होल्ट दाखवतो. म्हणून दुकानदार खिशातल्या घड्याळाएवढा गोल अॅमीटर काढायचा, त्याचं टोक आणि त्याची वायर सेलला क्षणभर टेकवायचा. काटा 30 अॅम्पिअरच्या आसपास गेला तर सेल ताजा. हे चालायचं, कारण सेलचा आतला रोधच साधारण 0.05 ओहम असायचा. दीड व्होल्टला त्याने भागा, 30 अॅम्पिअरच येतात. करंटला लगाम घालायचा तो सेल स्वतः, मीटर नव्हे.

पुढे मीटर बदलले. ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी वेगवेगळी यंत्रं वाहून कंटाळले होते. त्यांच्या कल्पनेतून 1923 मध्ये अॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा मीटर आला, आणि तिन्हींच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं एव्हो. मी शिकलो तो एव्होच्या मॉडेल 8 वर. चुकीच्या रेंजवर जास्त करंट गेला की त्याचं कटआउटचं बटण टक् करून वर यायचं. तो आवाज ऐकला की अख्खा वर्ग गप्प व्हायचा. 2008 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि एक चांगला शिक्षक गेला असं मला वाटलं.

कुठलाही मल्टिमीटर घ्या, अॅम्पिअरच्या रेंजवर तो जवळजवळ एक जाड तारच असतो. करंट त्यातल्या शंटमधून जातो, आणि शंटचा रोध ओहमचा एक बारीक अंश. असा मीटर सेलला लावला तेव्हा सेलच्या आतल्या रोधाने सांभाळून घेतलं. गाडीच्या बॅटरीचा आतला रोध फारच कमी, ती सांभाळत नाही.

एका वर्षी हे माझ्या टेबलावर घडलं. 12 व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी होती. मुलाने आधी करंट मोजला होता, मग नॉब व्होल्टवर फिरवला, पण लाल लीड 10 अॅम्पिअरच्या भोकातच राहिली. त्या स्वस्त मीटरच्या भोकाजवळ 'अनफ्यूज्ड' असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. प्रोब टेकताच निळी-पांढरी ठिणगी उडाली, पितळेचं टोक वितळून ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा झाला, आणि वायरच्या रबराचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो अशा ठिणगीने भडकतो. त्या दिवशी ती चार्जिंगवर नव्हती म्हणून मुलाचे डोळे वाचले. तो प्रोब मी जपून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला हातात दिला.

बॅटरीत करंट 'असत' नाही, जोडलेला दिवा किंवा मोटर तो ओढते. म्हणून मीटर एकसरीत लावायचा: एक वायर सोडवा, मीटर मध्ये घाला, बल्ब जोडलेला राहू द्या. बल्ब 12 वॅटचा असेल तर 1 अॅम्पिअर येणार, हा हिशोब आधी कागदावर करा. मोजायला सुरुवात मोठ्या रेंजवरून. स्टार्टरसारखा भारी करंट असेल तर प्रोब लावूच नका, डीसी क्लॅम्प मीटर वायरभोवती अडकवा. एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारे हे मीटर वायरीला न तोडता करंट दाखवतात. आणि बॅटरी चांगली की गेलेली एवढंच पाहायचं असेल, तर तिला लोड जोडून व्होल्टेज बघा.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण करंट मोजून झाला की आधी लाल लीड व्होल्टच्या भोकात परत लावा, मगच मीटर खाली ठेवा.